घटकाचा नकाशा: फाईलमधून फळ्यावर

जून उजाडला की शाळेत नियोजनाचा मोसम सुरू होतो. वार्षिक नियोजन, मासिक नियोजन, घटक नियोजन, मग रोजचं पाठ टाचण. रकाने आखले जातात, तासिका मोजल्या जातात, मुख्याध्यापकांची सही होते आणि फाईल कपाटात जाऊन बसते. आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे केंद्रप्रमुख भेटीला आले की ती बाहेर निघते, ते गेले की पुन्हा आत. ज्या पोरांसाठी हा सगळा खटाटोप, त्यांना ती फाईल कधीच दिसत नाही.

घटक निम्मा झाल्यावर सातवीच्या एखाद्या मुलीला विचारून बघा, "सध्या काय शिकताय?" ती सांगेल, "भूगोलाचा धडा." कशावरचा? "नदी." नदीबद्दल काय? इथे ती पुस्तकाकडे हात नेते. मुलगी हुशार आहे, घटक चाचणीत चांगले गुणही पाडेल. पण आज शिकवलेलं कालच्याला कुठे जोडलंय आणि उद्या कुठे जाणार आहे, हे तिला कुणी दाखवलेलंच नाही. शिक्षकाच्या डोक्यात अख्खी वाट असते, मुलांच्या वाट्याला रोज तिचं एकेक पाऊल येतं.

यावर बऱ्याच वर्षांपासून वापरात असलेला एक उपाय आहे. घटकाचं नियोजन एका पानावर, चित्राच्या रूपात, मुलांच्या देखत आणि मुलांना हाताशी घेऊन मांडायचं. आपण त्याला घटक-नकाशा म्हणू. तो काढणं दिसतं तितकं सोपं नाही, आणि शिक्षकाला ते जमावं म्हणून शेजारी बसून मदत करणं हे तर त्याहून नाजूक काम. केंद्रप्रमुख, विषयतज्ज्ञ, साधनव्यक्ती, मुख्याध्यापक किंवा नुसते शेजारच्या वर्गाचे अनुभवी सर, ज्यांच्यावर हे काम येतं त्यांना डोळ्यांपुढे ठेवून पुढचं लिहितोय.

एका पानावर पूर

उदाहरण घरचंच घेऊ. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या एका शाळेत सातवीला नदी आणि पूर हा घटक सुरू व्हायचाय असं समजा. फळ्याच्या मधोमध एक मोठा लंबगोल: "पंचगंगेचा पूर". त्याच्या खाली, चौकटीत, अख्ख्या घटकाचं सार एका वाक्यात: "पूर एका कारणानं येत नाही." लंबगोलाच्या डावीकडे छोटी चौकट, मागच्या घटकाची: पाऊस आणि जलचक्र. उजवीकडे पुढच्या घटकाची: माती आणि शेती. सगळ्यात वर, या तिन्हींना कवेत घेणारं वर्षभराचं सूत्र: माणूस आणि नदी.

आता लंबगोलातून चार फांद्या निघतात. पाणी कुठून येतं, पाणी कुठे तुंबतं, पाणी काय करून जातं, आणि माणूस काय करतो. चारच. पहिल्या फांदीवर कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्या येतात, सरस्वती गुप्त मानलेली, आणि त्या सगळ्यांचा प्रयाग चिखलीचा संगम. दुसरीवर नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते ती जागा. कृष्णा आधीच फुगलेली असेल तर पंचगंगेचं पाणी पुढे सरकत नाही आणि मागे पसरतं. तिसरीवर ऊस, घरं, जनावरं, गाळ. चौथीवर राधानगरी धरण, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावरची ३९ फुटांची इशारा पातळी आणि ४३ फुटांची धोका पातळी, स्थलांतर, छावण्या.

चित्राच्या कडेला तीन-चार प्रश्न लिहायचे, घटक संपेपर्यंत ज्यांची उत्तरं मुलांना स्वतःच्या शब्दांत देता यायला हवीत. तळाला वेळापत्रक: कुठल्या दिवशी काय, भेट कधी, प्रकल्प कधी, चाचणी कधी. आणि एका कोपऱ्यात या घटकात डोकं कुठल्या प्रकारे चालवायचंय ते: इथे कारण-परिणाम आणि तुलना. झाला नकाशा.

या मांडणीचा मूळ साचा अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाच्या अध्ययन-संशोधन केंद्रात १९९०च्या दशकात घडला. कीथ लेंझ, जीन शूमेकर, डोनाल्ड डेशलर आणि त्यांचे सहकारी त्यामागे होते. एकाच वर्गात वेगवेगळ्या तयारीची मुलं असतात आणि त्यातल्या काहींना अध्ययन अक्षमता असते, अशा वर्गात सगळ्यांना घटकाचा आवाका कसा दाखवायचा, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या कुठल्याही वर्गात शिरलं की तोच प्रश्न समोर बसलेला असतो.

चौकटींपेक्षा रेघा

नकाशा का चालतो, याची दोन साधी कारणं आहेत. पहिलं डेव्हिड ऑसुबेल या मानसशास्त्रज्ञाचं. १९६०च्या सुमारास त्यानं मांडलं की नवीन माहिती डोक्यात टिकते ती आधीच असलेल्या कशाला तरी अडकून, आणि म्हणून तपशिलात शिरण्याआधी मुलाला एक ढोबळ चौकट द्यावी. दुसरं कारण आपल्या डोक्याच्या मर्यादेचं. एका वेळी मनात धरून ठेवता येतात अशा गोष्टी साधारण चार, असं नेल्सन कोवन यांनी २००१ साली जुन्या-नव्या प्रयोगांचा आढावा घेऊन दाखवलं. चौदा मुद्द्यांची यादी मुलाच्या डोक्यात मावत नाही. चार फांद्या आणि प्रत्येकीवर चार पानं मावतात. वर "चारच" म्हटलं ते म्हणून.

पण खरी गंमत रेघांमध्ये आहे. संकल्पना-चित्राची पद्धत कॉर्नेल विद्यापीठात १९७२ पासून जोसेफ नोव्हाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुजवली. त्यांचा आग्रह असा की दोन चौकटींना जोडणाऱ्या प्रत्येक रेघेवर शब्द हवेत. "कृष्णेची पातळी" आणि "पंचगंगेचा पूर" या दोन चौकटींमध्ये नुसती रेघ ओढली तर मुलाला काहीच कळलेलं नसतानाही चित्र पूर्ण दिसतं. त्या रेघेवर "वाढली की पाणी मागे ढकलते, म्हणून वाढतो" असं लिहायला लावा, मग कुणाला समजलंय आणि कुणाला नाही ते लगेच बाहेर पडतं. आपल्याकडच्या शाळांच्या भिंतींवर जे तक्ते लागलेले असतात त्यांत बहुतेक वेळा रेघा मुक्या असतात. रंग झकास, अक्षर सुंदर, पण मधल्या जागी काही नाही.

कडेच्या प्रश्नांचंही तसंच. "पंचगंगेच्या उपनद्या कोणत्या?" हा चाचणीत ठीक, पण नकाशावर त्याला जागा नको, त्याचं उत्तर एका दमात संपतं. "शिरोळमध्ये पाऊस नसताना पूर का येतो?" हा प्रश्न मात्र पंधरा दिवस वर्गात जिवंत राहतो. गगनबावडा-राधानगरीकडे पडणारा पाऊस आणि शिरोळचा पाऊस यांत कैक पटींचं अंतर आहे, हे कळल्याशिवाय त्याचं उत्तर येत नाही. "धरण पूर थांबवतं की नुसता लांबवतं?" हा दुसरा. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याच्या बातम्या मुलांनी ऐकलेल्या असतात, त्यामुळे यावर घरीही वाद होतो. कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणाच्या पाण्याचा आपल्या पुराशी संबंध किती, हा तर मोठ्या माणसांचाही न मिटलेला वाद. तो मुलांपुढे वाद म्हणूनच ठेवावा, उत्तर देऊन बंद करू नये.

सगळ्या घटकांचा आकार असा फांद्यांचा नसतो, हे इथेच सांगितलेलं बरं. इतिहासात राजर्षी शाहू महाराजांचा घटक घ्या. नेहमीची सवय म्हणजे सालांची माळ: १९०१ मध्ये मराठा बोर्डिंग, १९०२ चा पन्नास टक्के जागा राखून ठेवणारा जाहीरनामा, पुढे राधानगरीचं धरण, १९१७ मध्ये सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण. माळ पाठ होते आणि विसरली जाते. त्याऐवजी डावीकडे अडचण, उजवीकडे उपाय अशी मांडणी करा. नोकऱ्यांत मूठभरांचाच भरणा, म्हणून राखीव जागा. पण राखीव जागांवर बसायला शिकलेली माणसं कुठून आणायची? म्हणून शिक्षण. शिकायला खेड्यातून येणारी मुलं राहणार कुठे? म्हणून वसतिगृहं. आता सालं उलटसुलट झाली तरी हरकत नाही, "म्हणून" जागेवर बसला. घटकाचा आकार ओळखणं, म्हणजे तो क्रमाचा आहे, तुलनेचा आहे, कारणांचा आहे की अडचण-उपायाचा, हे घटक-नकाशातलं सगळ्यात अवघड पाऊल. शिक्षकाला सोबतीची गरज पहिल्यांदा इथेच लागते.

मुलांसोबत म्हणजे नेमकं कसं

तयार नकाशाची झेरॉक्स वाटून "वहीत चिकटवा" म्हणणं ही सगळ्यात सोपी आणि सगळ्यात निरुपयोगी रीत. कॅन्ससच्या गटानं वापराचा जो क्रम सांगितला तो तीन पायऱ्यांचा आहे: आधी सूचना, मग प्रत्यक्ष काम, शेवटी उजळणी. सूचना म्हणजे मुलांना आधीच सांगायचं की आपण आता नकाशा काढणार आहोत, तो कशासाठी आहे, आणि तुमचं काम काय. काम म्हणजे शिक्षक फळ्यावर आणि मुलं वहीत, दोघं एकाच वेळी काढतात, आणि चौकटीत काय जाईल हे मुलं सुचवतात. उजळणी म्हणजे शेवटची पाच मिनिटं: नकाशा झाकून शेजाऱ्याला सांगा, आपण काय शिकणार आहोत.

पहिल्या तासाला फळ्यावर मधला लंबगोल आणि चार रिकाम्या फांद्या असतात. शिक्षक विचारतात, "पूर म्हटलं की काय आठवतं?" शिरोळमध्ये हा प्रश्न विचारल्यावर वर्ग शांत राहूच शकत नाही. कुणाला २०१९ च्या पुरातली होडी आठवते, कुणी २०२१ ला शाळेतच राहायला होतं, कुणाच्या आजोबांनी २००५ चं सांगितलेलं असतं. मोबाईलवर रोज येणारा निरोप सगळ्यांच्या तोंडी असतो: राजाराम बंधारा इतके फूट इतके इंच, इतके बंधारे पाण्याखाली. शिक्षक हे सगळं फळ्याच्या एका बाजूला टिपत जातात, आणि मग एकेक गोष्ट उचलून विचारतात की ही कुठल्या फांदीवर जाईल. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणतं, "सर, आमच्यात तवा थेंब पण नव्हता, मग पाणी आलं कुठनं?" हा प्रश्न जसाच्या तसा कडेला लिहायचा. प्रमाण भाषेत बदलूनसुद्धा नाही. तो त्या मुलाचा प्रश्न आहे आणि घटक संपेपर्यंत त्याच्याच शब्दांत फळ्यावर राहू दे.

त्यानंतर रोज नकाशावर परत यायचं. तास सुरू होताना दोन मिनिटं: आज आपण कुठल्या फांदीवर आहोत? तास संपताना दोन मिनिटं: आज कुठली रेघ नवीन ओढली? एवढंच. ज्या वर्गात हे होत नाही तिथे नकाशा चौथ्या दिवशी वहीतल्या मोराच्या पिसासारखा नुसता पडून राहतो.

एक सावधगिरी प्रयोगातून आलेली आहे. पर्ड्यू विद्यापीठातल्या जेफ्री कार्पिक आणि जॅनेल ब्लंट यांनी २०११ साली विद्यार्थ्यांचे गट केले. एकानं उतारा समोर ठेवून संकल्पना-चित्र काढलं, दुसऱ्यानं उतारा वाचून मिटला आणि आठवेल ते लिहिलं, परत वाचलं, परत मिटून लिहिलं. आठवड्यानं घेतलेल्या चाचणीत दुसरा गट सरस ठरला. म्हणजे चित्र काढण्यात काही अर्थ नाही, असा निष्कर्ष काहींनी काढला. तो घाईचा होता. पुढच्या प्रयोगांत त्याच दोघांनी चित्रही पुस्तक मिटून काढायला लावलं तेव्हा तेही आठवून लिहिण्याइतकंच कामी आलं. आपल्यासाठी यातून निघणारी गोष्ट अगदी व्यवहारी आहे. पहिल्या दिवशीचा नकाशा सगळ्यांनी मिळून, फळ्यावर. आठवड्यानं कोरा कागद द्यायचा, पुस्तक आणि वही दप्तरात, आणि नकाशा आठवून काढायला सांगायचा. मग उघडून वेगळ्या रंगाच्या पेननं दुरुस्त करायचा. तो वेगळा रंग शिक्षकाला जे सांगतो ते वीस गुणांची चाचणी सांगत नाही, आणि आकारिक मूल्यमापनाच्या (शिकता शिकताच होणाऱ्या मूल्यमापनाच्या) नोंदीसाठी यापेक्षा चांगला कागद शोधून सापडणार नाही.

शेजारी बसणारा माणूस

आता शिक्षकाला हे शिकवायचं कसं. आपली रीत ठरलेली आहे: दोन दिवसांचं प्रशिक्षण, पीपीटी, गटचर्चा, चहा, प्रमाणपत्र. बऱ्याचदा नुसतं चर्चेचं गुऱ्हाळ होतं, आणि खऱ्या गुऱ्हाळात निदान गूळ तरी निघतो. करवीर-पन्हाळ्याकडच्या गुऱ्हाळात नवा पोरगा गुळव्या कसा होतो ते आठवा. काहिलीतला पाक कधी उतरायचा हे त्याला कुणी तक्ता दाखवून शिकवत नाही. तो जुन्या गुळव्याच्या शेजारी उभा राहतो, मळी काढतो, पाकाची गोळी पाण्यात टाकून बोटांनी बघतो, चुकतो, जुना गुळव्या नुसता "अजून थोडं" म्हणतो. शिकवणंही हाताचं काम आहे.

ब्रूस जॉयस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी १९८०च्या दशकात हेच शिक्षकांबाबत मांडलं: तत्त्व सांगणं, करून दाखवणं, सराव, अभिप्राय हे सगळं झालं तरी प्रशिक्षणातली गोष्ट वर्गात उतरते ती मुख्यतः नंतरच्या सोबतीनं. त्यांच्या नावावर टक्केवारीचा एक तक्ता प्रशिक्षणांत फिरतो, पण त्या आकड्यांना फार धरून बसू नये. ते अंदाज होते. जास्त भरवशाचा आढावा मॅथ्यू क्राफ्ट, डेव्हिड ब्लेझर आणि डिलन होगन यांचा, २०१८ चा. साठ अभ्यास एकत्र करून त्यांनी पाहिलं, तर अशा सोबतीनं शिकवण्याच्या पद्धतीत चांगलाच फरक पडतो आणि मुलांच्या शिकण्यातही थोडा पडतो. मात्र कार्यक्रम मोठा केला, शेकडो शिक्षकांपर्यंत नेला, की परिणाम पातळ होतो. बारा तालुक्यांच्या जिल्ह्यात एक परिपत्रक काढून हे काम होईल असं ज्यांना वाटतं त्यांनी हा शेवटचा भाग दोनदा वाचावा.

सोबतीचं काम प्रत्यक्षात असं चालतं. एक दिवस दोघं मिळून नकाशा आखतात. मग एखादा तास सोबती स्वतः घेतो आणि शिक्षक मागे बसून बघतात. पुढचा तास दोघं मिळून. त्यानंतर शिक्षक एकटे, सोबती मागे. आणि प्रत्येक तासानंतर वीस मिनिटं बोलणं. ती वीस मिनिटं वगळून बाकीचं सगळं केलं तर काही हाती लागत नाही.

पहिली बैठक कशी होते ते जवळून बघू. शिक्षकांनी नकाशा करून आणलाय. मेहनत घेतलीय, पण त्यात चौदा चौकटी आहेत. पुस्तकातलं प्रत्येक उपशीर्षक एकेका चौकटीत बसवलंय. सोबत्याला दिसतं की हा नकाशा म्हणजे अनुक्रमणिकेला काढलेले गोल आहेत. पण तसं म्हणायचं नाही.

"सर, दिवाळीची सुट्टी संपून पोरं परत आली, यातलं सगळं विसरली, एकच गोष्ट लक्षात राहिली. कुठली राहायला हवी?"

सर थोडा वेळ गप्प. मग म्हणतात, "पूर एका कारणानं येत नाही, हे. इकडं सगळे एकालाच धरतात. कुणी धरणाला, कुणी अलमट्टीला."

"मग हे वाक्यच मध्ये लिहूया का?"

"पण हे पुस्तकात नाही की."

"पुस्तकातलं सगळं याच्याखाली येतं का बघा बरं."

आणि मग दोघं चौदा चौकटी एकेक करून त्या वाक्याखाली लावायला लागतात. सात-आठ सहज लागतात. तीन जोडून एक होतात. दोन कुठेच बसत नाहीत, तेव्हा सर स्वतःच म्हणतात, "हे एका तासात उरकलं तरी चालतंय की." अर्ध्या तासात फांद्या चारवर येतात. सोबत्यानं खडू हातात घेतलेला नाही.

खडू न घेणं हे या कामातलं सगळ्यात मोठं पथ्य. अनुभवी माणसाच्या हाताला खाज सुटते. दोन मिनिटांत तो झकास नकाशा काढून देऊ शकतो, आणि शिक्षकही कृतज्ञतेनं घेतील. पण तो नकाशा सोबत्याचा होईल, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात मुलानं वाकडा प्रश्न विचारला की शिक्षकाला कळणार नाही, हा कुठल्या फांदीवर टांगायचा.

वर्गात मागे बसल्यावर सोबत्यानं शिक्षकाकडे कमी आणि मुलांकडे जास्त बघावं. नोंदी शेऱ्यांच्या भाषेत नकोत. "अध्यापन प्रभावी" किंवा "विद्यार्थी सहभाग मध्यम" यातून कुणाला काय कळतं? लिहायचं ते दिसलेलं आणि ऐकलेलं: खिडकीकडच्या रांगेतल्या पाचही मुली फळा पूर्ण होईपर्यंत पेन खाली ठेवून बसल्या होत्या. सरांनी प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी एक सेकंद थांबले आणि स्वतःच सांगितलं. हा थांबण्याचा मुद्दा छोटा वाटतो, पण मेरी बड रो या संशोधिकेनं १९७०च्या दशकात दाखवलंय की शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबतात, आणि ते तीन सेकंद थांबायला लागले की मुलांची उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प असणारीही बोलायला लागतात. नकाशा मुलांसोबत काढायचा तर ते तीन सेकंद लागतातच, नाहीतर सगळ्या चौकटी शिक्षकच भरतात. तासानंतर बोलताना सोबत्यानं नोंद वाचून दाखवावी आणि विचारावं, "तुम्हाला काय वाटलं?" पुढच्या वेळी बदलायची गोष्ट एकच, आणि ती शिक्षकानं निवडलेली.

इथे एक अवघड जागा आहे, ती झाकून चालणार नाही. आपल्याकडे सोबत करणारा आणि तपासणी करणारा बहुतेकदा एकच माणूस असतो. ज्याच्या हातात शेरेबही, म्हणजे तपासणीचे शेरे लिहायची वही आहे त्याच्यापुढे शिक्षक फसलेला नकाशा उघड्या मनानं ठेवणार नाहीत; ते आधीच मुलांकडून पाठ करून घेतलेला तास दाखवतील. यावर माझं मत स्पष्ट आहे: नकाशाच्या तासाला शेरेबही शाळेच्या फाटकाबाहेर. ज्या दिवशी सोबतीला जायचं त्या दिवशी पोषण आहाराची नोंद, पट, दाखले यातलं काहीही विचारायचं नाही. ते जमत नसेल तर केंद्रप्रमुखांनी स्वतः सोबती होऊ नये, केंद्रातल्या दोन शिक्षकांची जोडी लावून द्यावी आणि त्यांचा एकमेकांच्या वर्गात बसायचा वेळ मोकळा करून द्यावा.

चंदगड किंवा गगनबावड्याच्या दोनशिक्षकी शाळेत "एकमेकांच्या वर्गात बसा" म्हणणं ही थट्टा वाटेल. एक वर्गाबाहेर आला की दोन-तीन इयत्ता उघड्या पडतात. तिथे दुसरा मार्ग बरा चालतो: पहिल्या आणि आठवड्यानंतरच्या, अशा दोन्ही नकाशांचे फळ्याचे आणि चार वह्यांचे फोटो पाठवायचे, आणि फोनवर ती वीस मिनिटं बोलायचं. चार वह्या निवडताना एक हुशार मुलाची, दोन मधल्या आणि एक अशा मुलाची, ज्याची वही शिक्षक एरवी कुणाला दाखवणार नाहीत. बहुवर्ग शाळेत नकाशाचा आणखी एक उपयोग होतो: तिसरी-चौथीला एकच सूत्र वर लिहून दोन्ही इयत्तांच्या फांद्या वेगवेगळ्या काढता येतात, आणि थोरली मुलं धाकट्यांच्या फांद्यांवर बोलू शकतात.

केंद्रातल्या शिक्षकांच्या मासिक शिक्षण परिषदेत याचं काय करावं? आदर्श नकाशांचं प्रदर्शन नको. प्रदर्शन लागलं की लोक नक्षी करायला लागतात, आणि हल्ली तर मोबाईलवर दोन मिनिटांत चकचकीत तयार नकाशा मिळतो. तो गटावर फिरतो आणि चाळीस शाळांच्या भिंतींवर एकच चित्र लागतं. त्याऐवजी एकाच घटकाचे, तीन शाळांतल्या मुलांनी पुस्तक मिटून काढलेले नकाशे टेबलावर ठेवावेत. पुराच्या घटकात शाहूवाडीच्या मुलांची पहिली फांदी (पाणी कुठून येतं) जाड असते, शिरोळच्या मुलांची तिसरी (पाणी काय करून जातं), हे समोर दिसलं की शिक्षक आपणहून बोलायला लागतात.

नकाशा सगळीकडे लागत नाही. पाढे, शुद्धलेखन, कवितेची गोडी यांना तो नको. पहिली-दुसरीला वस्तू मांडून, चित्रं हलवून करावं, लिखाणाचा भार नको. गणितात अपूर्णांकासारख्या घटकाला तो छान जमतो, पण भागाकाराच्या सरावाला त्याची गरज नाही. इंग्रजीच्या तासाला रेघांवरचे शब्द मराठीत लिहू दिले तर बिघडत नाही.

आणि सुरुवात जूनमध्ये करू नये. जून पुस्तकं, गणवेश आणि दाखल्यांत जातो, जुलै-ऑगस्टमध्ये आपल्या जिल्ह्यात किती दिवस शाळा भरेल हे पंचगंगा ठरवते, कधी कधी शाळेचीच छावणी होते. गणपती झाल्यावर एक इयत्ता, एक विषय, एक घटक एवढंच धरावं. घटक शिक्षकानं निवडावा, आणि शक्यतो तो निवडावा जो शिकवताना दरवर्षी त्याला स्वतःलाच कंटाळा येतो. आवडत्या घटकात सवयीनं सगळं नीट जातं, त्यामुळे नकाशानं काय केलं ते कळत नाही. नकोशा घटकात मात्र दुसऱ्या-तिसऱ्या तासालाच फरक दिसतो, किंवा दिसत नाही. नाही दिसला तर बैठकीत बोलायला तेवढंच पुरेसं आहे.